कब्बिण

सिस्टरनं माझी पापणी खाली ओढली,
आत बघितलं आणि म्हणाली,
‘कब्बिण कडिमी ऐती, अक्का.’

मला ऐकू आला ऊस.
कब्बू म्हणजे ऊस, एवढं कानडी
वडगावात मागाच्या खडखडाटात राहणाऱ्या कुणालाही येतं.
रसाच्या गाड्यावर पाटी असते, कब्बिन हालु.
उसाचं दूध म्हणतात ते.
म्हटलं, बाई, ऊस कमी पडला म्हणून
सिव्हिलात खाट देतात काय?

प्रणाली हसली. सातवीत आहे, मराठी शाळेत,
पण कानडीचा तास असतो.
केसपेपरच्या मागं तिनं दोन अक्षरं काढली:
हा न, उसातला. हा ण, लोखंडातला.
मला दोन्ही सारखीच, वळसा घेऊन बसलेली.
आणि आमच्या तोंडात तरी ण कुठं असतो?
आम्ही पानी पितो, लोनी खातो,
कोन हाय म्हणून दार उघडतो.

लोखंड कमी. सहा पूर्णांक दोन.
घरचा माणूस उद्यमबागेत फौंड्रीला.
त्यानं विचारलं, किती कमी? किलोत सांग.
डॉक्टर म्हणाले होते, एक बारका खिळा, तेवढंच.
तो बराच वेळ आपल्या तळव्याकडं बघत बसला.

मग एकेक बाहेर यायला लागलं.
महिन्याचे नऊ दिवस.
कापडाचे मीटर मोजतो आम्ही, हे कोण मोजणार?
आशाताईनं दिलेल्या लाल गोळ्या,
पोटात मुरडा आला म्हणून
तांदळाच्या पिंपात तळाशी लपवलेल्या.
आणि तेच तांदूळ, कच्चे,
कांड्या भरताना दिवसभर गालात.
प्रणाली पहिलीत होती तेव्हा
तिच्या पाटीच्या पेन्सिली रोज हरवायच्या.
मार खाल्लाय तिनं त्यासाठी.
पेन्सिली मी खाल्ल्या होत्या.
हे तिला अजून सांगितलेलं नाही.

बाटलीत औषध सोडलं
तसं पाणी काकवीच्या रंगाचं झालं.
कस्तुरी सिस्टर शेजारी उभी राहिली, घड्याळ बघत.
तिचं मराठी माझ्या कानडीएवढंच:
‘खाज येतंय काय? दम लागतंय काय?’
नाही म्हटलं. हात गार पडला होता.
जिभेवर चार आण्याच्या जुन्या नाण्याची चव.
तिनं सांगितलं, नुसतं लोखंड रक्तात सोडत नाहीत,
साखरेत बांधून सोडतात.
मी प्रणालीकडं बघितलं.
बघ, म्हटलं, ऊस आहेच की त्यात.

एक दिवसाआड, पाच वेळा.
पाच दिवसांची मजुरी बुडाली ती बुडाली.
दुसऱ्या खेपेला सुई हलली,
मनगटाजवळ तपकिरी डाग राहिला.
साबणानं जात नाही.
कांडीवाल्या बाया विचारतात, भाजलं काय?
मी म्हणते, गंज चढलाय.

महिन्यानं कपिलेश्वराचा पूल चालत चढले,
हातात सुताची पिशवी.
पलीकडं उतरल्यावर लक्षात आलं
की मध्ये कठड्याला धरून थांबायचं राहूनच गेलं.
परत जाऊन थांबावं की काय, असं वाटलं क्षणभर.

काल रात्री प्रणाली अभ्यास करता करता
डोकं धरून बसली.
तिला तीन महिने झाले, सुरू होऊन.
मी तिची हनुवटी उचलली, पापणी खाली ओढली.
आयुष्य रंग बघण्यात गेलंय माझं,
एक छटा चुकली तर अख्खी साडी परत येते.
पण ट्यूबच्या उजेडात
कोरं सूत आणि फिक्कं गुलाबी
एकसारखंच दिसतं.

आई, सोड ना, दुखतंय.

तोंडात काय आहे तुझ्या?
काही नाही.
उघड.