ऐन

ऐन ऑगस्टात पेटी आली मुहर्रकला,
साडेचार मीटर लांब, पाइनच्या फळ्यांची.
एक दिवस, एक रात्र हात लावायचा नाही,
आतल्या हवेला इथल्या हवेची सवय होऊ द्यायची.
हा नियम माणसांना नव्हता.
मी उतरलो त्याच संध्याकाळी ड्यूटीवर होतो.

पेट्या उघडतो मी. आडनाव चितारी.
सावंतवाडीला बाबा गंजिफा रंगवायचे,
खारीच्या शेपटीच्या कुंचल्याने मत्स्याचे खवले.

चित्रासोबत इंगेलाबाई आल्या होत्या,
उन्हाने नाक लाल.
म्हणाल्या, तूरे लिंडरूथ आमच्याकडे घरोघरी होता:
खिडकीतली कुंडी, दूध पिणारी मुलगी,
कॅलेंडरांवर, बिस्किटांच्या डब्यांवर.
चाळीस वर्षं त्याने लोकांना त्यांचंच घर विकलं.
साठीनंतर हा देव काढला.

बत्तीस स्क्रू. मोजून ताटलीत ठेवले.

देव विहिरीवर ओणवा.
एक डोळा काढून पाण्यात टाकतोय,
बदल्यात शहाणपण हवंय त्याला.
अंगावर पंचाएवढं कापड, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा.
तोंड एका गड्याचं, एनार नावाच्या,
लिंडरूथच्या शेतावर बटाटे काढणाऱ्या.

ज्या भिंतीसाठी काढलं तिच्या समितीने नाकारलं.
देव इतका रोड नसतो, म्हणाले.
देवाच्या नखांत माती नसते.
दोन वर्षं वर्तमानपत्रांत तेच,
एकाने तर छत्रीचं टोक खुपसलं.
भिंत कोरीच राहिली. म्हातारा दरवर्षी
तिकीट काढून कोरी भिंत बघून यायचा.
हे सांगताना बाई हसल्या, मग हसल्या नाहीत.

फॉर्मवर लिहायचं असतं: भेगा, ओल, भोक.
मी टॉर्च तिरका धरला.
भोक उरलेल्या डोळ्याखाली, चण्याएवढं.
कुणी बुजवलं नव्हतं.

हाजी मकी, रात्रीचा पहारेकरी,
चहा घेऊन आला आणि चहा विसरला.
मग लांबूनच बोट दाखवलं, डोळ्याकडे: ऐन.
विहिरीकडे: हाही ऐन.
त्यांच्यात डोळ्याला आणि झऱ्याला एकच शब्द.
त्याचा आजा मोत्यांसाठी बुडायचा तेव्हा
खाऱ्या समुद्राच्या तळाशी गोडे ऐन होते,
चामड्याच्या पिशवीत भरून वर आणायचे पाणी.
आता आटले.
मी म्हटलं, आमच्यातही आहे हा शब्द,
ऐन दुपार, ऐन वेळ, ऐन मोका.
त्यातला डोळा कुठे वाटेत पडला, ठाऊक नाही.

बाबांचा डावा डोळा दशावतारात गेला.
एकशेवीस पत्ते, पुन्हा एकशेवीस पत्ते.
बदल्यात काय मिळालं, मी विचारलं नाही,
फोनवर ते पावसाचं विचारतात, इथे पडतो का.

इथेही समिती बसली. तीन बैठका.
कापड कमी आहे की देव जास्त,
यावर एकमत झालं नाही.
पत्र आलं: आभार, पुन्हा केव्हातरी.

पेटी भरताना बाईंनी विचारलं, तुला कसं वाटलं?
म्हटलं, बटाटे काढताना पाठ अशीच वाकत असणार.
त्यांनी ते 'शेरा'च्या रकान्यात लिहून घेतलं.

एकतीस स्क्रू लागले.
बत्तिसावा ताटलीत नव्हता.
हाजी मकीने दिवा वर धरला, मी ओणवा झालो,
लादीला गाल टेकवून, एक डोळा मिटून,
बघत राहिलो.