चोवीसला एक

जुन्या बाजारात रविवारी किलोवर मिळाल्या ह्या विटा,
प्लास्टिकच्या, कुणाच्या तरी मोठ्या झालेल्या मुलाच्या,
पिवळीला काळी घट्ट चिकटलेली, काहींवर दातांच्या खुणा.
तळाशी मूठभर गिअर आणि एक मोटर.
चालते की नाही देवाला ठाऊक, विकणारा म्हणाला,
पन्नास कमी द्या ताई.

परातीत धुतल्या. ओट्यावर पंचा पसरून वाळवल्या.
बॅटरीच्या डबीत सेल फुटून हिरवं मीठ साचलेलं,
ते लिंबाने खरवडलं.
ही युक्ती ज्यांची, ते आतल्या खोलीत
उजवा हात उशीवर ठेवून
पंख्याची पाती मोजत होते.

तीन आठवडे. रोज रात्री भांडी आवरल्यावर.
काय बांधतेस, त्यांनी विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही की, अण्णा,
हे भोसरीच्या शेडमधलं हॉबिंग मशीन,
ज्याच्यापुढे तुम्ही एकतीस वर्षं उभे होतात,
जे लिलावात भंगाराच्या भावाने गेलं
आणि त्या संध्याकाळी तुमचा डबा भरलेलाच परत आला.

मोटरला आठ दातांचं चाक, त्याला सोळाचं,
मग तो आटे पडलेला गज, ज्याला तुम्ही सगळे
वर्म म्हणायचात. मला लहानपणी वाटायचं,
वर्मी लागतं तेच हे वर्म.
त्याचे चोवीस फेरे, तेव्हा टेबलाचा एक.
आणि टेबलाला बोटाने कितीही ढकला,
वर्म हलत नाही.
एकाच बाजूने जाणारी गोष्ट.
तुमच्याशी बोलण्यासारखी, असं मनात आलं
आणि मी दुसरी वीट शोधू लागले.

टेबलावर चाक कापायला धातू कुठला,
कपड्याच्या साबणाची चकती कापून बसवली.
कटरला शेजारच्या अद्वयच्या
पेन्सिलच्या शार्पनरचं पातं.

परवा रात्री साडेदहाला बटण दाबलं.
मोटर आधी नुसतीच कण्हली,
मग सगळं एकदम फिरायला लागलं,
ओट्यावरचे चमचे थरथरले,
आणि आतून फरशीवर काठीचा आवाज.

दारात उभे राहिले बराच वेळ.
मला वाटलं, आता डोळे भरतील की काय.
"उलटं फिरतंय," म्हणाले.

खरंच की. मी ते मशीन पाहिलं होतं
फक्त खंडेनवमीला, वर्षातून एकदा,
झेंडूच्या माळा, हळदीकुंकू, गफूरभाईंनी वाटलेले पेढे,
पुसून लख्ख केलेलं.
बंद.
ते फिरतं कुठल्या बाजूला
हे मला कधीच माहीत नव्हतं.

खुर्ची ओढून बसले. डाव्या हाताने विटा चाचपल्या,
आंधळ्याने नाणी ओळखावीत तशा.
एक चिमुकलं चाक उचललं: "हे मध्ये घाल.
मोटर दोन भोकं मागे घे."
वेग बदलेल ना, मी विचारलं.
"मधल्याने वेग बदलत नाही. तोंड फिरतं."
इतकं लांब वाक्य दिवाळीनंतर पहिलंच.

दांडा बसवताना त्यांचा उजवा हात
नकळत पुढे आला, अर्ध्यात थांबला,
मग ओट्याच्या कडेला टेकून राहिला.
दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.
मी दांडा धरला, त्यांनी दाबला.
टक्.

पुन्हा बटण. आता टेबल
गोगलगायीसारखं सरकतंय,
पातं साबणाला लागतंय,
पांढरा कीस ओट्यावर, निरम्याचा वास,
आणि चकतीच्या कडेला एक खाच,
तिरकी, ओबडधोबड,
तिच्या शेजारी दुसरी.

चिमूटभर कीस त्यांनी अंगठ्यावर घेतला,
बोटाने चोळला, दिव्याकडे धरला.
खाली रस्त्यावरून कुठल्याशा कंपनीची
तिसऱ्या पाळीची बस गेली.
त्यांनी मान वळवली नाही.

"घाई करतेस," म्हणाले,
"फीड कमी कर."