ठराव क्रमांक सात

सोसायटीच्या रजिस्टरात माझ्याच अक्षरात आहे:
एका माणसाला एक काठी,
एका काठीला एक दोरी,
दोरीला गळ एक.
एकाखाली दोन रेघा, कारण तेव्हा पतिराम नान्हे म्हणाला होता,
"दोन तरी कर गा, सचिव. एक त माह्या नाकातबी हाये,"
आणि बाया तोंडाला पदर लावून हसल्या होत्या.

पोळा होऊन आठवडा झाला असेल.
फुकटू वलथऱ्याचा नातू डिगांबर नागपूरहून आला,
पाठीवर लांबोडकी पिशवी.
तिच्यातून निघालं ते
कापड उडून गेलेल्या छत्रीसारखं:
पाच तारा, पाच टोकांना पाच रबरी मासोळ्या,
शेपट्या अशा नाजूक की फुंकर मारली तरी पोहाव्यात.
"काका, गळ एकच आहे, मधल्या मासोळीला.
बाकीच्या चार नुसत्या दाखवायच्या."

मोहाखाली सभा भरली.
गळ मोजायचे, की मासोळ्या?
धनपत म्हणे, "ज्याले काटा नाई, तो गर नाई. झालं."
फुलकनबाई तंबाखू मळत म्हणाली,
"नवरदेव एकच रायते बापा,
पर भात त वरातीलेच लागते."
कोणी म्हणालं, मत्स्य खात्याला विचारा.
कोणी म्हणालं, खात्याला तलाव कुठे आहे ते तरी ठाऊक आहे का?
मग सगळे माझ्याकडे पाहू लागले.
शब्द माझा होता ना.
मी म्हटलं, उद्या सांगतो,
आणि ती छत्री घरी नेली.

दिवस कलताना पाळीवरून उतरलो.
कमळपानांच्या फटीत मरळीची पिल्लं वर आली होती,
सावजी रश्शावर तवंग हलावा तशी
लाल, एका ठिकाणी न थांबणारी,
आणि त्यांच्याखाली दोन काळ्या सावल्या.
नर, मादी.

एक गोष्ट मी सभेत कधी सांगितली नाही.
तेरा वर्षांचा असताना याच कोपऱ्यात
एका दोरीला दोन गळ बांधले होते, दोन बेडकुळ्या.
दोन्ही मरळी एकाच संध्याकाळी काढल्या.
आईने खूप कौतुक केलं, शेजारी वाटीभर रस्सा पाठवला.
तिसऱ्या दिवशी गेलो तर लाल काहीच नव्हतं.
दाडकांनी खाल्लं असेल, बगळ्यांनी खाल्लं असेल,
मी काठावर दुपारभर बसून होतो.
ठरावाच्या वेळी मात्र म्हणालो,
वरून तसं आलं आहे.

पक्कड खिशात होती. मधल्या मासोळीचा काटा तोडला
आणि पाचही तशाच फेकल्या,
हळू ओढत आणल्या
पिल्लांच्या अंगावरून.

पाणी फुटलं.
ती खायला आली नव्हती. हाकलायला आली होती.
डाव्या टोकाच्या मासोळीला असा तडाखा दिला
की तार वाकली, माझा हात खांद्यापर्यंत बधिरला.
मग परत पिल्लांखाली जाऊन थांबली.
डावीकडची. जिला काटा कधीच नव्हता.

शाळेत वाक्प्रचार होता, गळ घालणे,
आणि मास्तरांनी अर्थ सांगितला होता: आग्रह करणे.
मी 'आर्जव' लिहिलं होतं, अर्धा गुण कापला होता.

दुसऱ्या दिवशी रजिस्टरात खाली जोडलं:
जे माशाला बोलावतं ते सर्व गळ धरावं,
काटा असो वा नसो.
पतिराम म्हणाला, "मंग माही शिट्टीबी मोजजो."
"मोजतो," मी म्हटलं.
फुलकनबाईने अंगठा दिला. तिच्यामागे बाकीच्यांनी.

डिगांबर काही बोलला नाही.
तोडलेल्या काट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
मग पायरीवर बसून तारांवरून मासोळ्या सोडवू लागला.
चार त्याने पोरांना दिल्या.
हापशीखालच्या बादलीत त्या संध्याकाळपर्यंत होत्या;
जो येई पाणी भरायला
तो दांडा मारायचा आधी
वाकून बघायचा.