सात नंबर

मेच्या अखेरीस पाहुणे खोली सोडून गेले.
चादरी काढायला वाकले तर कॉटखाली
बुटांचं खोकं. वर छापलेलं: साइज सात.
आत वर्तमानपत्र, सुकलेल्या काकडीची चकती
आणि श्वास घेणारं काहीतरी, तपकिरी-पांढरं,
सोलून ठेवलेल्या नारळाएवढं.

गिनीपिग, असं मोबाईल म्हणाला.
मोरेश्वर म्हणाला, उंदीर.
शेजारची रुक्मा कुंपणावरून म्हणाली,
मेलो तर खाडयेत टाक गो, हंय वास नको.
पाहुण्यांना चार फोन केले. उचलला नाही.

कुडाळला, गुरांच्या दवाखान्यात,
डॉक्टर तेंडोलकरांनी आधी माझ्याकडे बघितलं,
मग रांगेतल्या म्हशीकडे, मग खोक्यात.
पोट थांबलंय, म्हणाले.
याचं पोट चालतं तोवर हा चालतो.
दर दोन तासांनी भरवा. रात्रीसुद्धा.
सुई काढून सिरिंज हातात दिली,
पैसे घेतले नाहीत.

हरळी, पेरू, उकडलेला भोपळा.
मिक्सरच्या भांड्याला तिरफळांचा वास,
तीनदा चिंचेने घासलं.
लगदा टोकात अडकायचा,
म्हणून सिरिंजचं टोक विळीवर कापलं,
कडा दगडावर घासली
आणि बोचते का ते
माझ्याच जिभेवर फिरवून पाहिलं.

हळदीच्या पानात पातोळी मिटतात
तसा टॉवेलात मिटायचा, तोंड तेवढं बाहेर.
पुढच्या दातांमागे, गालाच्या बाजूने.
समोरून नाही, समोरून दिलं तर फुप्फुसात जातं.
एक थेंब. थांबायचं. जबडा हलतोय का बघायचं.
नाही हलला तर हनुवटीखाली चोळायचं
आणि तोंडाने काहीबाही म्हणत राहायचं.
मला अंगाई येत नाही.
मी दर म्हणत होते:
एसी, बिगर एसी,
न्याहारीसकट, मासळीचं जेवण वेगळं.

सुरमई तोलायच्या काट्यावर
सातशे दहा.
दुसऱ्या दिवशी सहाशे ऐंशी.
तिसऱ्या दिवशी मी आकडा वाचलाच नाही.

त्या रात्री वीज गेली.
देवबागला अंधार झाला की कळतं
जमीन केवढीशी आहे,
या कानात समुद्र, त्या कानात खाडी.
मोरेश्वर उठला, बॅटरी धरली.
हात थोडा वर घे, म्हणाला. मान पडतेय त्याची.
एवढंच. मग पहाटेपर्यंत धरून बसला,
मधेच पेंगत, उजेड भिंतीवर, छपरावर, परत गालावर.

सकाळी वर्तमानपत्रावर तीन लेंड्या.
मोरेश्वरने मोजल्या. पुन्हा मोजल्या.
होडीतली लाइफ जॅकेटं कधी न मोजणारा माणूस.

मग एका दुपारी त्याने सिरिंज चावली.
पुढच्या पायांनी ढकलली, तोंड फिरवलं,
आणि टॉवेलावर सांडलेली हरळीची काडी
एका टोकाकडून आत ओढत नेली,
टाइपरायटरमधून कागद जावा तशी.
मला राग आला की बरं वाटलं, सांगता येणार नाही.
भरलेली सिरिंज हातातच होती.

नवव्या दिवशी त्यांचा फोन.
आमचं काही राहिलंय का तिथे?
चार्जर राहिलाय, मी म्हटलं. काळा.
हां, तोच. कुरियर करा, पैसे पाठवतो.
मग गप्प. मीही गप्प.
मागून एक लहान आवाज काहीतरी विचारत होता,
आणि कुणी तोंडावर हात ठेवावा तसा मधेच तुटला.

एवढ्यात मोरेश्वरने कोथिंबिरीची पिशवी उघडली
आणि स्वयंपाकघरातून
शिट्टी. लांब, वर वर चढत जाणारी.

अजून काही? त्यांनी विचारलं, जरा वेळाने.

पत्ता सांगा, मी म्हटलं.