भलत्याच दारावर

कास्त्रोच्या सरकारी इस्पितळात, दुसऱ्या रात्री,
एर्सिराच्या पोटावर तीन चिकटपट्ट्या,
एकेक अंगठ्याएवढी.
आतली गाठ गेली, संत्र्याएवढी होती म्हणे.
तिथं फारसं काही नाही.

दुखतोय खांदा.
उजवा.
वीस वर्षं ज्याच्यावरून
शिंपल्यांच्या ओल्या गोणी धक्क्यावर चढल्या.

आधी वाटलं, गोणींनी आज हिशेब मागितला.
मग वाटलं, काळीज.
आई अशीच गेली होती, खांदा धरून
(तिचा डावा होता; पण पहाटे तीनला
डावं-उजवं कोण बघतं).

बोलली नाही.
आजूबाजूच्या खाटांवर बायका पोट धरून,
आपण खांद्याचं काय सांगायचं?
आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी,
हसतील.

नर्स योव्हिता हसली नाही.
आधी नाडी, मग छातीला नळी, रक्तदाब,
आणि मग खाटेच्या कडेला टेकली:
"दुर्बिणीला आत हलायला जागा लागते, बाई.
पोट वायूने फुगवतात, तंबू ताणावा तसं.
निघताना सोडतात, पण सगळा कुठला जातो?
उरलेला बरगड्यांखाली जाऊन
श्वासाच्या पडद्याला टेकतो.
त्या पडद्याची नस निघते मानेतून,
खांद्याच्या शेजारून.
मेंदूला निरोप पोचतो,
दार तेवढं चुकतं."

भलत्याच दारावर टकटक.
एर्सिराला हे पटलं;
तिच्या गल्लीत पोस्टमन असाच आहे.

लोकरीच्या खोळीतली गरम पाण्याची पिशवी,
एक गोळी,
उशी डोक्याखालची काढून कमरेखाली,
डोकं खाली, पाय वर, थोडा वेळ.
लाज वाटली. आणि बरंही वाटलं.
"आता उठा. चाला."

सळई धरून, चपला फरफटत,
खिडकीपर्यंत नऊ पावलं, परत नऊ.
खाली ओहोटी लागलेली,
होड्या चिखलात कुशीवर पडलेल्या,
प्रत्येक होडी आपापल्या बाजूला कललेली.
तिसऱ्या फेरीला ढेकर आला,
मोठा, बेशरम.
शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, "शाब्बास!"

चौथ्या दिवशी दुखणं नव्हतं.
कधी गेलं, कळलं नाही,
निरोप न घेता उठलेल्या पाहुण्यासारखं.

सहा आठवडे ओझं बंद.
धक्क्यावर एलेउतेरियो गोण उचलतो,
डाव्या खांद्यावर घेतो.
"अरे, उजव्यावर!" ती बाकावरून ओरडते,
आणि ओरडता ओरडता
हात तिच्याच खांद्यावर जातो.