पावणेनऊ, सोहार

स्टेफी, तू नवी आहेस म्हणून सांगते.
फॉर्मवर एक चौकोन आहे : ‘आक्रमक’.
त्यावर टिक करायला एक सेकंद लागतो.

नरसय्या आला तेव्हा माझी पाळी नुकती सुरू झाली होती.
जुलै. बंदराकडून येणारी उमस अशी
की दवाखान्याची काच बाहेरून घामेजलेली.

पाय आधी बघ. चेहरा नंतर.
तीन फरशा पुढे, तीन फरशा मागे,
मग दोन, मग दीड.
फेऱ्या आखूड होत गेल्या की समज,
माणसाकडची जागा संपत आलीय.
अंगठा मुठीच्या आत होता
आणि तोंडात एकच शब्द, पुन्हा पुन्हा,
तेलुगूत गुंडाळलेला, मला न उकललेला.

मी चुकले. म्हटलं, “शांत हो.”
शांत हो म्हटल्यानं आजवर कुणी शांत झालं असेल
तर मला त्याचं नाव कळव.
सलाइनचा स्टँड त्यानं उचलला तो तेव्हा.
चाकं हवेत फिरत राहिली.

हिलाल दारात धावला, हात दांडक्यावर.
त्याच्याकडे न बघता मी तळहात खाली केला :
तिथेच थांब, दार उघडं ठेव.
दार माझ्यासाठी नव्हतं.
कोंडलेलं मांजर तोंडावर येतं, आई म्हणायची,
वसईच्या आमच्या घरात, हातात झाडू धरून,
आणि झाडू खाली ठेवायची.

मी तिरकी उभी राहिले.
समोरासमोर उभं राहणं म्हणजे कुस्तीची सलामी.
हात पोटापाशी, रिकामे, त्याला दिसतील असे.
आवाज त्याच्या आवाजाच्याही खाली नेला,
विहिरीत बादली सोडावी तसा,
रहाट न वाजवता.

“नरसय्या.” बॅजवर होतं.
मग मला येणारा एकुलता एक तेलुगू शब्द :
“नीळ्ळु?”
पाणी त्याच्या हातात दिलं नाही.
कागदी पेला टेबलाच्या कडेला ठेवला, मागे सरले.
घ्यायचं की नाही ते त्याचं त्यानं ठरवावं.
त्या दिवशी त्याच्या ताब्यात तेवढंच होतं.

मग मी गप्प बसले.
हे सगळ्यात अवघड, स्टेफी.
जीभ नुसती खाजते काहीतरी बरं बोलायला.
एसी घरघरत होता. मनात एकोणीसपर्यंत मोजलं.

आणि त्या गप्पपणात शब्द उकलला.
तेलुगू नव्हताच तो.
चार्जर.
चार्जर, चार्जर, चार्जर.

संध्याकाळी तिकडे त्याच्या आईला अग्नी दिला.
भावानं फोन उंच धरला होता.
धूर दिसायला लागला आणि फोन मेला.
खोलीतला एकमेव चार्जर
कुणाच्या तरी बॅगेतून रात्रपाळीला गेलेला.
फोरमन म्हणाला, रजा पुढच्या महिन्यात.
आपल्या खिडकीवर बिजू म्हणाला,
हे काय मोबाइलचं दुकान आहे?

मी माझ्या पर्समधला काढून दाखवला.
त्यानं स्टँड जागेवर ठेवला,
चाकांचा ब्रेकसुद्धा लावला.
मग प्लगपाशी जमिनीवर बसून
काळ्या पडद्याकडे बघत राहिला.
पाणी नंतर कधीतरी प्यायला.

माझे गुडघे बाथरूममध्ये थरथरले.
ते नेहमी नंतरच थरथरतात.

आणि हेही ऐकून ठेव :
मागच्या वर्षी एकानं माझं मनगट मोडलं,
तेव्हाही मी हेच सगळं केलं होतं,
अगदी असंच, तिरकी उभी राहून.
कधी कधी नाही चालत. तेव्हा पळ.
पळण्यात कमीपणा नाही.

चौकोन मी रिकामा ठेवला.
खाली ‘अन्य’ अशी एक ओळ असते,
तिथे लिहिलं : चार्जर.
सकाळी मेट्रननं विचारलं, हरवला का?
प्लगकडे पाहिलं. भिंत मोकळी होती.
हो, म्हटलं.