नालासाठी घोडा

आधी पाने होते, गाडी नंतर आली.
हेमलता हे सगळ्यांना सांगते,
चहाचा ट्रे टेकवायला जागा शोधत:
"लोक नालासाठी घोडा घेतात, ऐकून होते.
आमचा कोलबाडला पार्किंगमध्ये बांधलाय.
खरारा चालू आहे."

खरं आहे.
वागळे इस्टेटमधली कंपनी बंद होत होती, त्या पंधरवड्यात
गेटवरचा वॉचमन डबे उघडून बघेनासा झाला.
रोज एक पाना, पोळीभाजीच्या जागी.
अकरा दिवस, अकरा पाने,
प्रत्येकावर ठोकलेला माझाच टोकन नंबर, ४१७.
ग्रॅच्युइटीचा दावा अजून कोर्टात आहे.
पाने माळ्यावर होते.

इंचाच्या मापाचे. व्हिटवर्थ.
दोन सूत, अडीच सूत, तीन सूत.
स्कूटरला लागले नाहीत, पंपाला नाहीत,
जावयाच्या गाडीच्या तर वाऱ्यालाही नाहीत.
वीस वर्षं प्रत्येक नटाला
थोडे सैल, नाहीतर शिरतच नव्हते.
मीही त्या वर्षांत तसाच, पण ते जाऊ दे.

मग घोडबंदरला, नाताल डिमेलोच्या वाडीत,
चिंचेखाली ही दिसली. मॉरिस, सत्तेचाळीसची.
मागच्या सीटवर खुडूक कोंबडी.
मी वाकलो. अडीच सुताचा पाना खिशात होता
(घेऊनच गेलो होतो, खोटं कशाला सांगू),
बंपरच्या नटाला लावून पाहिला.

टक्क.

सूत जुळतं म्हणतात ते हेच असावं.
नाताल म्हणाला, "अंडी फुटू देत, मग न्या."
नऊ दिवस थांबलो.

पहिलं वर्ष नुसत्या गंजाचं.
डिझेलच्या परातीत कार्बुरेटर,
परात हेमलताची, आता माझी.
सेक्रेटरी तुंगारे नोटीस लावतात:
आवारात भंगार ठेवू नये.
तिच्या कोऱ्या बाजूवर मी वायरिंग काढतो.
उलटं आहे हिचं, बॅटरीचा प्लस जातो बॉडीला.
वरचा स्वानंद, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला,
म्हणाला, "काका, चुकलंय."
म्हटलं, "मलाही वाटलं होतं.
दोन दिवस धूर हुंगत शिकलो."

इंजिनचे बोल्ट आणखी तऱ्हेवाईक:
डोकं इंचाचं, आटे मिलिमीटरचे.
वरून पाना बरोब्बर बसतो,
आत दुसरं काही चालत नाही.
माझे सासरे असे होते.

किंगपिनचे बुश कुठेच मिळेनात.
गनमेटलची कांडी पिशवीत घालून वागळेला गेलो.
कंपनीच्या जागी काचेची इमारत.
रिसेप्शनवरच्या मुलीने विचारलं, "कोणाला भेटायचंय?"
तोंडावर नाव आलं ते माझ्या मशीनचं.
मागच्या गल्लीत, एका शेडमध्ये, एक लेथ चालू होतं
आणि रामसजीवन नावाचा पोरगा.
त्याने माझे हात बघितले, बाजूला झाला.

पहिला काप जाड गेला.
दुसऱ्याला पिवळा चुरा मनगटावर उडाला,
कढत, ओळखीचा.
दोन थाऊ जास्त. पोरगा म्हणाला, चालतंय की, चाचा.
नाही चालत.
एक थाऊ.
अर्धा.
मग बुश तळहातावर घेऊन मी तिथेच उभा राहिलो
आणि तो पैसे नको म्हणाला, तर मला रागच आला.

अजून गाडी चालत नाही.
काल फक्त इशाऱ्याचा स्विच दाबला,
तर दाराच्या खांबातून नारिंगी हात बाहेर आला,
वर्गात उत्तर येणाऱ्या मुलीसारखा.
उजवीकडे वळायचं म्हणते.
उजवीकडे भिंत आहे.

हेमलता चहा घेऊन आली, इकडेतिकडे पाहिलं,
आणि पहिल्यांदाच दार उघडून आत बसली,
ट्रे मांडीवर.
"कुठे निघालोय?" म्हणाली.

हात खाली येत नाहीये.
स्प्रिंग असेल. उद्या बघतो.